चांगोची गाडी नदीवर

पोशीरच्या चांगोने बैल विकले आणि जुनी एसयूव्ही घेतली. मुलाने, रूपेशने, बजावलं होतं, "नीट जपा, आबा. लय वर्सं चालंल."

चांगोला जपणं एकाच तऱ्हेचं ठाऊक. दर रविवारी तो गाडी उतारावरून थेट नदीत घालायचा, चाकं बुडतील इतकी, आणि पेंढ्याच्या बोळ्याने तिचं अंग, पाठ, पोटाखालचा चिखल चोळून काढायचा. बैलांचा काढायचा तसाच.

आधी चाकातून घरघर आली. जुनी गाडी म्हटल्यावर व्हायचंच, असं म्हणत त्याने बेअरिंग बदललं आणि पुढच्या खेपेला तिला अजून मन लावून घासलं. मग ब्रेक किंचाळायला लागले. शेवटी एका सकाळी ती चालूच होईना. टोचन करून नेरळच्या गॅरेजवर न्यावी लागली.

मेकॅनिक योगेंद्रने स्टार्टर उघडला. आतून तांबडं, गंजकं पाणी ओघळलं.

"काका, नदीत घालता काय हिला?"

"दर आयतवारी. घरच्या जनावरावानी ठेवलीय रं."

योगेंद्र हसला नाही. "आता बंद करा. पण आत गंज धरलाय. एकेक पार्ट जाणारच."

"मंग मी करू काय तिचं?"

"काय नाय. हात लावू नका. आवाज आला की घेऊन या."

नवा स्टार्टर बसवून आणलेली गाडी पुढच्या रविवारी अंगणातच राहिली. चांगो मात्र सवयीने बोळा घेऊन नदीवर गेला आणि गुडघाभर पाण्यात नुसताच उभा राहिला. जरा वेळाने वाकून त्याने स्वतःचेच पाय घासायला घेतले.