साखराबाईच्या गाठी

उमापूरच्या साखराबाईला सहा वर्षं जो तो मूळव्याधच सांगत आला. दोघा डॉक्टरांनीही नीट न तपासता मूळव्याधीच्याच गोळ्या दिल्या. शेवटी शहरातल्या मोठ्या इस्पितळात दुर्बिणीने पाहिलं, तेव्हा कळलं की बाईच्या मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत. तिथेच या आजारावरच्या नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. डॉक्टर शिवांजलीबाईंनी सगळं समजावलं. औषध लागू पडेल किंवा पडणार नाही, नको वाटलं तर केव्हाही सोडता येईल. फक्त दिवसातून किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का, ते रोज वहीत लिहायचं. तुमच्या खऱ्या सांगण्यावर पुढच्या रोग्यांचं औषध ठरेल, असंही त्या म्हणाल्या. ते साखराबाईच्या मनात घर करून बसलं. तिने संमतीच्या कागदावर अंगठा दिला.

वही तिची लेक ऋतुजा लिहिणार होती. पण ऋतुजा घरी, आणि साखराबाई महिनोन्‌महिने मेंढरांमागे गोदाकाठच्या रानात. म्हणून हातावर हात ठेवून बसणारी ही बाई नव्हे. कोणती मेंढी कधी व्याली, हे ती जन्मभर लोकरीच्या दोऱ्याला गाठी मारूनच ध्यानात ठेवत आली होती. तिने काळा दोरा कमरेला खोचला. बाभळीआड जाऊन आली की एक गाठ. रक्त दिसलं तर गाठीत लुगड्याचा लाल धागा. दिवस मावळला की पांढऱ्या लोकरीचा पुंजका. भर उन्हात कळ दाबत पळायचं, माणसं दिसली की लाजेने अर्धमेलं व्हायचं आणि परत येऊन गाठ मारायची. असे तिने तीन महिने काढले.

तपासणीला ती लेकीबरोबर गेली. नोंदी ठेवणाऱ्या केदारनाथने वही उघडली, तर कोरी. त्याने काही विचारलंसुद्धा नाही. मावशी बऱ्या दिसतात म्हणाला आणि पेन काढून पानामागून पान भरत सुटला. ऋतुजाने डोकावून वाचलं: रोज दोनदा, रक्त नाही. तिने आईला सांगितलं.

साखराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या दुखण्याने तिला रानोमाळ पळवलं, ते या गड्याने पंख्याखाली बसून पाच मिनिटांत बरं करून टाकलं होतं! तिने दोरा त्याच्या टेबलावर टाकला.

"कावून लिवलंस हे? माज्यामागं बाभळीत आलतास का तू? ह्यो दोरा बघ. गाठ म्हंजी एक येळ, लाल धागा म्हंजी रगत, पांढरा पुंजका म्हंजी दिस सरला."

केदारनाथ आवाज खाली आणून समजावू लागला. खरे आकडे लिहिले तर औषध लागू पडलं नाही असं ठरेल, नाव अभ्यासातून कमी होईल आणि फुकटातल्या तपासण्याही बंद. हे तो तिच्याच भल्यासाठी करत होता म्हणे. त्या तपासण्या तिला परवडणाऱ्या नव्हत्या.

"नाव कमी कर," ती म्हणाली. "पर आदी खरं लिव. तुजं हे वाचून उद्या दुसऱ्या बाईला हेच औषद देतील, आन ती बी माज्यासारखीच पळत सुटंल."

आवाज ऐकून शिवांजलीबाई बाहेर आल्या. त्यांनी वही पाहिली, दोरा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. नाव कमी होईल, हे त्यांनीही लपवलं नाही. पण खोट्या नोंदी खोडून पहिल्या गाठीपासून मोजायला त्यांनी केदारनाथलाच बसवलं.

तो मोजू लागला. एका पुंजक्यापाशी अडखळला आणि अंदाजाने नऊ म्हणाला.

साखराबाईने त्याचं बोट धरून त्या दिवसाच्या पहिल्या गाठीवर ठेवलं.

"अकरा हायत. परत मोज."