शिवकन्या मॅडमची सही

कॉलेजाचं नाव सांगत न्हाई, माझ्या नोकरीची अजून चार वर्षं हायेत. मी महारुद्र, तिथला शिपाई. तंत्रशिक्षणाचं सरकारी कॉलेज, परभणीपासून एसटीनं तासाभरावर. बारा वर्षं पोरं पत्र्याच्या शेडात शिकली. मग कुठं निधी आला आणि नवं वर्कशॉप उभं राहिलं. फरशी इतकी गुळगुळीत की मीच दोनदा घसरलो.

वायरिंग शिकवायला शिवकन्या मॅडम. पर्मनंट न्हाईत, तासावर पगार. दर जूनला यादीत नाव आलं तर नोकरी. पण कायमचं माणूस भरलंच न्हाई, म्हणून विभागाचा शिक्का त्यांच्याच कपाटात. आईबाप ऊसतोडीला जाणारे. बाप सूर्यभान एकदा ओल्या हातानं विहिरीवरच्या मोटारीला चिकटला. वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. मॅडम तवा सातवीत होत्या. त्यांनी हेच काम का धरलं, ते मला कुणी सांगावं लागलं न्हाई.

मशीनच्या अंगात करंट उतरला तर तो माणसातून न जाता जमिनीत जावा, म्हणून अर्थिंग असतं. खोल खड्डा खणून तांब्याची प्लेट पुरतात, कोळसा-मीठ घालतात. उन्हाळ्यात त्या खड्ड्याला रोज बादलीभर पाणी लागतं. ते काम माझं. मार्चमध्ये नव्या खड्ड्याचं झाकण उघडून मी बादली ओतली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पाणी तसंच. आमच्या भेगाळलेल्या काळ्या रानात पाणी असं थांबतंय व्हय? मॅडमला सांगितलं. त्यांनी पहारीनं टोचून बघितलं, तर खाली सिमेंट. इमारत बांधणाऱ्या गुत्तेदारानं नुसती विटांची चौकट करून वर झाकण ठेवलं होतं. मेल्याला लाज कशी न्हाई, हेच मला कळंना.

एकतीस मार्चला सकाळीच गुत्तेदार ताबा पावती घेऊन आला. इमारत पूर्ण मिळाली, असा कागद.

"सही करा मॅडम," प्राचार्य म्हणाले. "आज हा कागद गेला न्हाई तर उरलेला निधी परत जाईल. अर्थिंग मागून करून घेऊ."

"मागून कोण करतंय सर? बिल निघालं की हे फोनबी घेणार न्हाईत."

गुत्तेदार हसला. "ताई, सगळीकडं असंच चालतंय."

"चला," मॅडम म्हणाल्या आणि आम्हाला वर्कशॉपात घेऊन गेल्या. टेस्ट लॅम्प काढला. म्हंजे काय, होल्डरमधला बल्ब आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. मग एक वायर फेजला ठेवून दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब पेटलाच न्हाई.

"आता मशीन चालू करते. गुत्तेदार साहेब, तुमी ओल्या हातानं धरा."

गुत्तेदारानं हात खिशात घातले. प्राचार्य फरशीकडं बघू लागले. मला, खरं सांगतो, लय बरं वाटलं.

"तुमी धरत न्हाई आणि माझ्या पोरांनी धरायचं? खड्डा खणा. तवर सही न्हाई. निधी गेला तर का गेला, ते मी लिहून देते."

दुपारी जेसीबी आला. सांजच्याला प्लेट पुरून झाली, मी दोन बादल्या ओतल्या, घटकाभरात पाणी गायब. बल्ब पेटला. मॅडमनी आधी स्वतःचा हात मशीनवर ठेवला, मग सही केली.

जूनच्या यादीत त्यांचं नाव न्हाई.

तरी पहिल्या दिवशी आल्या. प्राचार्य म्हणाले, "वरूनच आलं न्हाई, मी काय करू?"

"का आलं न्हाई, ते लिहून द्या. सही-शिक्क्यासगट."

प्राचार्य साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मॅडमनी साहेबांच्या दारापुढं खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. पोरं जाता-येता नमस्कार करायलेत.

आज तिसरा दिवस. सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. "महारुद्र, ती खुर्ची उचल तिथून."

म्हटलं, खड्ड्याला पाणी घालायचंय साहेब. आणि बादली घेऊन निघालो.