सरपंचाची आंबील

बियरचा पहिला घोट घेण्याआधी सरपंच स्वतःचं मनगट चाटून बघायचा. मनगट घामाने खारट लागलं, तर दिवस सत्कारणी लागला असं धरून तो ग्लास उचलायचा. नाही लागलं, तर ग्लास पुढ्यात ठेवून खिन्न बसायचा आणि म्हणायचा, "आज फुकटची पितोय आपण." बाणेरच्या ज्या ब्रुअरीत आम्ही उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी जात असू, तिथल्या वेटरांना या विधीची सवय झाली होती. शेजारच्या टेबलांना ती कधीच झाली नाही.

सरपंच हे त्याचं टोपणनाव. धायरी खेडं होतं तेव्हा त्याचे आजोबा गावचे सरपंच होते. पुढे धायरी पुण्यात आली, शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, पण हुकूम सोडायची सवय नातवापर्यंत शाबूत पोचली. हिंजवडीच्या एका कंपनीत तो, मी आणि मुग्धा एकाच टीममध्ये होतो. मी कर्वेनगरचा, मुग्धा कसबा पेठेतली. ऑफिसात सरपंच शुद्ध मराठी आणि त्याहून शुद्ध इंग्रजी बोलायचा. बियर समोर आली की धायरीचा व्हायचा.

रविवारचे बेत तोच ठरवायचा, आणि ते भाजून काढणारे असत. लोक सिंहगड पहाटे चढतात. हा आम्हाला एप्रिलात दुपारी चढवायचा. करवंदं तोडायला न्यायचा तेही ऊन डोक्यावर आल्यावर. एकदा त्याने एका मित्राच्या शेतात आम्हाला ट्रॉलीत कलिंगडं भरायला लावली आणि या प्रकाराला पिकनिक म्हटलं. मुग्धाने घाम पुसत शांतपणे विचारलं, "पुढच्या रविवारी विटा वाहायच्यात का? म्हणजे तशी चप्पल घालून येईन." सरपंचाला ही सूचना मनापासून आवडली. तिला समजावून सांगता सांगता माझे दोन दिवस गेले, की तो खरंच विटा शोधतोय.

मुग्धा बियर पीत नसे. ती गाडी चालवायची, लिंबू सोडा प्यायची आणि टोमणे मारायची. सरपंच मात्र लाकडी फळीवर ओळीने मांडलेले चवीपुरते छोटे ग्लास मागवायचा. त्यांना तो नैवेद्याच्या वाट्या म्हणायचा आणि प्रत्येकीवर निकाल द्यायचा. गव्हाची बियर म्हणजे 'शिकरणीत लवंग पडली'. काळी बियर म्हणजे 'करपलेल्या भाकरीचा काढा, पण माहेरचा'. एका कडू बियरबद्दल वेटर बराच वेळ फुलं, संत्र्याची साल, पाइनचं जंगल असं काहीबाही सांगत होता. सरपंचाने ऐकून घेतलं, घोट घेतला आणि म्हणाला, "पाडव्याचा कडुलिंब हाय म्हना की सरळ." वेटर पुढच्या टेबलावर गेला आणि तिथे त्याने तेच सांगितलं. त्या लोकांनी लगेच दोन ग्लास मागवले.

या कौतुकाने सरपंचाचं डोकं फिरलं. आपणही करून बघायची म्हणून त्याने ज्वारी भिजवली, मोड आणले, भाजली, उकळली आणि घरामागच्या थंड खोलीत एका माठात आंबायला ठेवली. घरात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत होऊन चालणारही नव्हतं. त्याचे वडील, आण्णा, गळ्यात तुळशीची माळ घालणारे. तरुणपणी त्यांनी गावातले दारूचे गुत्ते स्वतः उभे राहून बंद करवले होते.

त्याच आठवड्यात स्वातीच्या घरचे बघायला आले. ही सासवडची मुलगी एका बेकरी कंपनीत नोकरीला होती. सरपंच तिच्याशी फोनवर बोलत होता, आणि आधीची स्थळं थट्टेवारी नेणारा हा गडी या वेळी दोनदा शर्ट बदलून बसला होता. धीर द्यायला त्याने मला आणि मुग्धाला बोलावून घेतलं होतं. स्वातीबरोबर तिचे मामा होते. स्थळात खोट काढणं हे त्यांचं काम, आणि ते तयारीने आले होते.

ऊन मरणाचं होतं. आण्णा म्हणाले, चहा कशाला, घरची आंबील आणतो. सरपंचाच्या आईने नाचणीची आंबील सकाळीच करून त्याच खोलीत दुसऱ्या माठात ठेवली होती. आण्णांनी हात घातला तो पहिल्या माठात. वर मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घालून त्यांनी पेले भरले, आणि यजमान म्हणून पहिला पेला स्वतः संपवला.

माझ्या हातात पेला आला तेव्हा सरपंचाचा चेहरा पांढरा पडला होता. मुग्धाने नुसता वास घेतला आणि पेला खाली ठेवत मला हळूच म्हणाली, "आंबील बरीच शिकलेली दिसते."

मामांनी दुसरा पेला मागून घेतला. पगार, जमिनीचे वाटे, भावकीतली भांडणं, सगळे प्रश्न ते एकेक करून विसरले. लहानपणी बैलावरून पडल्याची गोष्ट त्यांनी सांगितली, मग तीच पुन्हा सांगितली, आणि शेवटी आण्णांचा हात धरून म्हणाले, "सोयरीक मागाहून बघू. आधी आपण भाऊ."

स्वातीने एक घोट घेतला. तो जिभेवर घोळवला आणि सरपंचाकडे वाकून अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ज्वारीची आहे ना? दोन दिवस लवकर काढलीत."

पाहुणे गेल्यावर आम्ही सरपंचाला म्हटलं, गप्प बस, कुणाला काही कळलेलं नाही. पण तो ऐकेना. आण्णांच्या पुढ्यात जाऊन बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. आण्णा बराच वेळ गळ्यातली माळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "तू पाजली न्हाईस. मीच माठ चुकलो. पन तो माठ आता फोड." सरपंचाने तो अंगणात नेऊन फोडला. पुन्हा कधी ज्वारी भिजवली नाही.

सरपंच आणि स्वातीच्या लग्नात मामा आमच्याशेजारी जेवायला बसले आणि त्या आंबिलीची कृती विचारत राहिले.

वर्षभराने कंपनीने सरपंचाला जर्मनीला पाठवलं. स्वातीही गेली. बियरच्या माहेरी गेला म्हणून आम्ही हसलो, पण त्याचे फोन रडके यायचे. इथला उन्हाळा म्हणजे आपली दिवाळीची सकाळ, इथं घामच येत नाही, अशी त्याची तक्रार. इकडे मुग्धा आणि मी रविवारी आपापल्या घरीच बसू लागलो. आम्हाला दुपारी गडावर हाकलायला कुणी उरलं नव्हतं.

या एप्रिलात आण्णांचा फोन आला. तो जिथं बसायचा ती जागा मला दाखवा, म्हणाले. आम्ही बिचकलो. तिथे काय मिळतं ते चाचरत सांगितलं. म्हणाले, ठाऊक हाय.

संध्याकाळी पांढरी टोपी, गळ्यात माळ अशा आण्णांना घेऊन आम्ही ब्रुअरीत शिरलो. त्यांनी त्याची खुर्ची कोणती ते विचारलं आणि तिच्यात बसले. लिंबू सरबत मागवलं. आजूबाजूला खिदळणाऱ्या पोरांकडे बराच वेळ बघत राहिले.

"लई हसायचा का इथं?" त्यांनी विचारलं.

सगळ्याला उत्तर असणारी मुग्धा नुसतं "हो" म्हणाली.

आण्णांनी सरबत संपवलं आणि खिशातून मोबाइल काढून तिच्या हातात दिला. "एक फोटू काढ. त्याला धाडू," म्हणाले. "आनि हसताना काढ."

मग टोपी नीट करून आण्णा हसायला बसले.