बासरीचं बटण

मी रिटायर झालो त्याच्या पुढच्या वर्षी शहरात गाण्यांचं संग्रहालय सुरू झालं. नुसतं बघायचं नाही, सगळ्याला हात लावायचा, वाजवायचं, गायचं, असं पुण्याच्या लेकीनं आईला फोनवर सांगितलं आणि आम्हा दोघांची तिकिटंही तिनंच काढली. "बाबांसाठीच काढलंय बघ ते," म्हणाली म्हणे.

तरुणपणी मी ऑर्केस्ट्रात बासरी वाजवायचो. गणपतीचे दिवस, गावोगावच्या जत्रा. टेम्पोत ड्रमच्या पेट्यांवर बसून आजरा, चंदगडपर्यंत गेलोय. लग्न ठरताना सासऱ्यांनी एकच विचारलं, "वाजवायचं सोडून पोरगा काय करतो?" मग कागलच्या एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या कारखान्यात लागलो. लालभडक लोखंडावर हॅमर पडायचा तेव्हा पायाखालची फरशी उडायची. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की क्रेनवाल्याची हाक ऐकू यायची नाही, म्हणून आम्ही सगळेच ते गळ्यात अडकवून हिंडायचो. तीस वर्षं तशी काढली. रिटायर झाल्यावर परत वाजवायचं, एवढं मनात पक्कं होतं.

आणि वाजवत होतोही. रोज सकाळी गच्चीवर तास-दीड तास. वरचे सूर लागत नव्हते म्हणून मिरजेहून नवी बासरी आणली. तीही तशीच मुकी निघाली. बोटं बसली की येतील सूर, असं म्हणत मी आणखी जोर लावून फुंकायचो.

संग्रहालयात पहिली खोली जुन्या रेडिओंची होती. पुढं एका काचेच्या खोपटात इचलकरंजीचं एक कुटुंब माईकवर गात होतं आणि मशीन त्यांना मार्क देत होतं. आजीला सगळ्यात कमी मिळाले तशी आजीच जास्त हसली. माझी बायकोही हसली. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघंच असे बाहेर पडलो होतो.

त्यानंतर ते टेबल आलं. हेडफोन लावायचा, समोर एका गाण्यातल्या वाद्यांची चित्रं, प्रत्येकाखाली बटण. जे दाबाल तेवढंच वाद्य ऐकू येणार. मी ढोलक दाबला. खणखणीत. गिटारचे जाड सूर छातीत वाजले. व्हायोलिन लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं आलं. मग बासरीचं बटण दाबलं. थोडी फुंकर आली, दोन-चार खालचे सूर आले आणि पुढं काहीच नाही. परत दाबलं. तेच. मी तिथं देखरेखीला असलेल्या मुलीला हाक मारली.

"पोरी, हे बिघडलंय की! बासरी वाजत न्हाय."

मी ओरडलो असणार, कारण लोक वळून बघायला लागले. ती मुलगी आली, हेडफोन एका कानाला लावून म्हणाली, "वाजतीया की काका. एकदम क्लिअर हाय."

"कुठं वाजतीया? आवाज वाढीव."

तिनं वाढवला. फुंकर वाढली, बासरी नाही. मी हेडफोन बायकोला दिला. "तू ऐक गं."

तिनं लावला. दोन क्षणांत तिची मान डोलायला लागली. समोरच्या पडद्यावर बासरीची हिरवी रेष वर चढत होती, थरथरत होती. मी त्या रेषेकडं आणि बायकोच्या मानेकडं बघत उभा. मग तिनं हेडफोन काढून ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "वाजतीया."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर ती माझ्या कानाजवळ तोंड आणून बोलली. "मला ठाऊक हाय. वर्ष झालं."

"काय ठाऊक हाय?"

"वरचं तुम्हाला ऐकू येत न्हाय ते. तुम्ही जोरानं फुंकता, अन् ते किंचाळल्यागत येतंय. शेजारची लोकं खिडकी लावून घेत्यात."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तीस वर्षं त्याचीच वाट बघितलीसा की."

मी तिच्यावर चिडलो. लोकांदेखत बोलू नये ते बोललो. ती पदराचं टोक चुरगळत ऐकून घेत राहिली. उरलेल्या दोन खोल्या न बघताच आम्ही रिक्षा केली. लेकीला मेसेज केला, 'छान आहे.'

आठवड्यानं कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बंद खोलीत बसवून तपासलं आणि कागद दाखवला. त्यावरची रेष निम्म्यापर्यंत कशीबशी चालत येऊन पुढं कड्यावरून कोसळली होती.

"आतल्या नसा गेल्यात," ते मोठ्यानं म्हणाले.

"ऑपरेशन?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मशीन घेऊन बघा म्हणाले.

मशीन घेतलं. ते लावलं की ताटल्यांचा खणखणाट, रिक्षांचे हॉर्न डोक्यात घुसतात, आणि माणसाचं बोलणं होतं तसंच गढूळ. दुपारपर्यंत डोकं दुखतं, मग काढून ठेवतो. गच्चीवर आता बायको कपडे वाळत घालायला जाते, तेवढंच.

ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. जेवायला या. गोळी घेतली का? लाईट गेलीय. पूर्वी भाजी निवडताना ती शेजारणीचं, माहेरचं, टीव्हीवरच्या मालिकेतलं काहीबाही सांगत बसायची. त्यातलं ओरडून सांगण्यासारखं काहीच नसतं. परवा ती खिडकीशी उभी राहून एकटीच हसत होती. मी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाय," ती मोठ्यानं म्हणाली.