सहा ओव्हरांत सेट होताना

खरं क्रिकेट म्हणजे कसोटी, हे मत मी शाळेच्या स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकवलंय, की मी तोंड उघडलं की सहकारी वह्या तपासायला घेतात. पाच दिवस खेळायचं, चेंडू जुना होऊ द्यायचा, बाहेरचा सोडून द्यायचा. पन्नास ओव्हरचा सामनाही मी चालवून घेतो. वीस ओव्हरचा आला तेव्हा नाक मुरडलं, आणि एकही सामना चुकवला नाही. खरं कारण सांगतो: मला लांब फटका मारताच येत नाही. जिथे तो मारावा लागत नाही, तो प्रकार मला थोर वाटतो.

आमच्या तेलगावात यातलं काहीच खेळत नाहीत. इथे जयंतीच्या स्पर्धा, कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात, टेनिस बॉलवर, सहा ओव्हरच्या. कप्तान माझाच जुना विद्यार्थी. सर म्हणून तो मला दरवर्षी अकराव्या नंबरवर घ्यायचा. संघाची निळी जर्सी अंगात चढवायला मी वर्षभर वाट बघायचो. पोटावर ती दरवर्षी थोडी जास्त ताणली जायची, तरी.

गेल्या वर्षी माजलगावच्या संघाविरुद्ध फायनल. नऊ गडी बाद, शेवटच्या ओव्हरला सात धावा हव्या, आणि समोर मी. पहिला बॉल बाहेर होता, सोडला. दुसराही सोडला, बॅट चांगली उंच धरून. सेट व्हायला दोन बॉल तरी हवेतच. तिसरा पाय पुढे टाकून अडवला.

लाउडस्पीकरवरून आवाज आला, “सरांनी तिसराबी बॉल वाया घालवला हाय. सर, चहा पाठवू का?”

सगळं रान हसलं. पलीकडून कप्तान ओरडला, “सर, कावून सोडायलाव? मारा की!”

“पिच समजून घेतोय,” मी म्हणालो.

ओव्हर संपली तेव्हा मी नाबाद होतो. आम्ही हरलो होतो, पण नाबाद राहिल्याचं मला मनातून बरं वाटत होतं, हेही कबूल करतो.

यंदा कप्तान घरी आला. “सर, औंदा उद्घाटनाला पाव्हणे तुमीच. सत्कार ठेवलाय.”

“आणि बॅटिंगला कितवा?”

तो चहाच्या कपात बघत राहिला. “सर, तुमी आता खुर्चीवरच शोभताव.”

शाल झाली, फेटा झाला. मग रिवाजाप्रमाणे पाहुण्याने एक बॉल खेळून स्पर्धा सुरू करायची. मी ठरवलं, असा मारतो की कप्तानाने मला आत्ताच्या आत्ता संघात घ्यावं. त्याने खालून, अगदी हळू बॉल टाकला. मी डोळे मिटून, जीव खाऊन बॅट फिरवली. मधला स्टंप उडाला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माजलगावची पोरंसुद्धा. कप्तान स्टंप परत रोवत म्हणाला, “लई भारी, सर.”

मला फार वाईट वाटलं. निदान एकाने तरी हसायला हवं होतं.