लांबटांग्याचा पुरावा

आमच्या कॉलेजात, चिखलीला, प्राणिशास्त्र विभागाचं एक कपाट आहे. त्यात बाटल्या कमी आणि किस्से जास्त! बाटल्यांना निदान चिठ्ठ्या लावलेल्या असतात. किस्से नुसतेच एकावर एक साचत जातात आणि चहाला दोन माणसं जास्त बसली की आपोआप बाहेर येतात. काल पुन्हा तेच झालं, म्हणून म्हटलं एकदाचे लिहूनच काढावेत.

यातली मंडळी तीनच. मी, तेव्हा पीएचडी करणारी प्राध्यापिका. माझे गाइड खंडारे सर. आणि रफिकभाई, ज्यांच्या पांढऱ्या जीपमधून आम्ही जिल्हाभर हिंडायचो. चौथी व्यक्ती पुढे येईल. ती आली की आम्ही तिघं आपोआप मागच्या बाकावर जातो!

माझा विषय म्हणजे एक लांब पायांचा प्राणी. कोळ्याचा लांबचा नातेवाईक, पण कोळी नव्हे. जाळं विणत नाही, विष नाही, कमरेला खाच नाही. वाटाण्याएवढं अंग, पाठीवर मधोमध छोटी टेकडी, त्या टेकडीवर दोन डोळे आणि खाली दोऱ्यासारखे आठ पाय. आपल्याकडे याला कुणी धड नावही ठेवलेलं नाही. आम्ही आपापसात ‘लांबटांग्या’ म्हणायचो.

माझ्या हाती लागलेली जात नवी असावी, असा सरांचा संशय होता. पण ती कोणत्या कुळातली हे ठरवायचं तर नर लागतो. नुसत्या मादीवरून या मंडळींचं गोत्र कळत नाही. माझ्याकडे होत्या अकरा माद्या. विद्यापीठाने मुदत एकदा वाढवून दिली होती, पुन्हा देणार नव्हतं. नर मिळाला नाही तर चार वर्षं पाण्यात!

रफिकभाई म्हणायचे, "मॅडम, अकरा नवऱ्या मांडवात अन् नवरदेवाचा पत्ता नाई!"

*

आमचं वाईट नशीब असं की आम्ही बाटल्या घेऊन हिंडायला निघालो ते साल बोंडअळीचं. कपाशीचं बीटी बियाणं पेरलं म्हणजे अळीची चिंता नाही, असं सगळे धरून चाललेले. आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी! अशा वेळी बांधावर कुणी अनोळखी माणूस चिमटा आणि बाटली घेऊन दिसला, तर लोक काय त्याला ओवाळणार?

डोणगावजवळ एका बांधावर आम्ही दगड उलटत होतो. पाच मिनिटांत दहा जण जमले.

"कोनत्या कंपनीचे?"

"कंपनीचे नाही हो, कॉलेजचे," सर म्हणाले.

"मंग बाटलीत काय हाये? सोडून राह्यले का पकडून राह्यले?"

सरांना शिकवायची संधी मिळाली की ते सोडत नाहीत. त्यांनी बाटली वर धरून सांगितलं, की हा प्राणी पिकाला तोंड लावत नाही, उलट बारीकसारीक किडे आणि अळ्या खातो.

मागे उभे असलेले एक आजोबा सगळं शांतपणे ऐकत होते. ते पुढे आले आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "समजलं का बे? अळीबी यायचीच, अन् अळी खानाराबी यायचाच! आता पाकीट किती रुपयाले, तेवढं इचारा!"

*

दुसरी भानगड जीपची. पांढरी जीप म्हणजे सरकारी, हे समीकरण पक्कं. त्या दिवसांत परवानगी नसलेलं बियाणं, ज्याला सगळे ‘चोरबीटी’ म्हणतात, गावोगाव गुपचूप विकलं जायचं आणि धाडीही पडायच्या. आमची जीप गावात शिरली की दारं धडाधड लागायची.

एका गावात बांधावरच्या दगडांच्या ढिगाऱ्यात मी हात घातला. लांबटांग्या नव्हता. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सहा पाकिटं होती!

शेतमालक धावत आला. पाकिटांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "साहेब, थे माह्ये नाईत. पन राहू द्या तिथंच."

सर म्हणाले, "आम्हाला बियाण्याशी काही घेणं नाही. आम्ही किडे शोधतो."

त्याचा काही विश्वास बसला नाही. पण तो माणूस मोठा हुशार. म्हणाला, "किडे पाह्यजेत? चाला मंग, दाखोतो." आणि आम्हाला थेट शेजारच्या शेतात घेऊन गेला. तिथल्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इथले सगळे दगड पलटवा. एकबी सोडू नका."

आम्ही पलटवले. खाली नऊ पाकिटं!

"मले मालूमच होतं!" त्याने मांडीवर थाप मारली. "माह्या सख्ख्या भावाचं वावर हाये हे!"

*

संशय काय फक्त गावकऱ्यांनाच होता? आमचे सर त्यांच्या वरताण! त्यांचं एक ब्रीद होतं, "चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे कचरा!" कुठे सापडला, कधी, कोणत्या दगडाखाली, कुणी पकडला, सगळं लिहिलेलं हवं. नाहीतर नमुना सोन्याचा असला तरी फेकून देणार.

एकदा मी सहाच पायांची मादी आणली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन पाय कुठे आहेत?"

मी म्हटलं, "सर, तिने टाकले. चिमटा लागल्याबरोबर."

हे खरंच आहे. लांबटांग्या संकटात पाय सोडून देतो. तो सुटलेला पाय तिथेच थडथडत राहतो, पकडणारा त्याच्याकडे बघत बसतो आणि मालक पसार! गेलेला पाय पुन्हा उगवतही नाही.

"मग ते दोन पाय का नाही आणलेत?" सर कडाडले. "वर्गीकरण पायावर चालतं! दुसऱ्या पायाच्या टोकाकडची पेरं मोजावी लागतात, माहीत आहे ना?"

त्यांचा माझ्यावर असलेला संशय आठवडाभर टिकला. रफिकभाई मात्र त्या पायाच्या गोष्टीवर भलतेच खूश झाले. म्हणाले, "हे तं आमच्या पुढाऱ्यासारखं झालं! आश्वासन इथं थडथडत सोडते अन् स्वतः मुंबईले!"

*

रफिकभाईंचा संशय मात्र एकदाच जागा झाला, पण चांगला जागा झाला. एका दुपारी बाटलीचं बूच सैल राहिलं आणि तीन-चार लांबटांगे जीपमध्ये सुटले. घाबरले की ते अंगातून एक उग्र वास सोडतात, थेट फिनाइलसारखा.

रफिकभाईंनी करकचून ब्रेक मारला, खाली उतरले आणि दूर बाभळीखाली जाऊन उभे राहिले. फवारणी करताना माणसं दवाखान्यात पोचल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या, त्यामुळे त्यांची भीती काही खोटी नव्हती.

"मॅडम, खरं बोला. गाडीत औषध ठेवलं ना?"

"नाही हो रफिकभाई, तो या प्राण्याचाच वास आहे."

"एवढुशा किड्याचा एवढा वास? मजाक करू नका!"

शेवटी मी एक पकडून त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी हुंगला, जोरात शिंकले आणि जीपमध्ये येऊन बसले. पण चिखलीपर्यंत चारही खिडक्या उघड्या!

*

आता चौथी व्यक्ती. शेवंतामावशी. सोनाळ्याची, सातपुड्याच्या पायथ्याची. सात-बारा स्वतःच्या नावावर, शेतात जुनी दगडी विहीर. आमच्या अकराच्या अकरा माद्या त्याच विहिरीच्या दगडांच्या सांदीत मिळालेल्या. म्हणजे नर असेल तर तिथेच.

पहिल्या दिवशी बाटल्या भरून निघालो तर मावशी वाटेत उभी.

"किती नेले?"

"तीन, मावशी."

"लिहून दे. सही कर."

मला हसू आलं. मग तिने घरी नेऊन ट्रंक उघडून दाखवली. बोंडअळीच्या पंचनाम्याला तिने बिल दिलं, रिकामं पाकीट दिलं, पाकिटाचा टॅग दिला. तरी साहेबाने विचारलं होतं, "पेरलेल्यातलं मूठभर बियाणं राखून ठेवलं होतं का?" नव्हतं. तेवढ्यावर अर्ज बाजूला पडला.

तेव्हापासून मावशी प्रत्येक गोष्टीतलं थोडं राखून ठेवू लागली. ट्रंकेत पुड्याच पुड्या! युरिया, रेशनचा गहू, फवारणीचं औषध बाटलीच्या बुचात. एक काळा गोळाही होता.

"हे काय?"

"गावचा नवा रस्ता," मावशी म्हणाली. "ठेकेदारानं टाकला थ्याच दिवशी खरडून ठेवला. उद्या उखडला त म्हनंल, डांबर चांगलंच होतं!"

मला त्या ट्रंकेची थट्टा करावीशी वाटली नाही.

निघताना मी तिला नराबद्दल सांगितलं. अंग लहान, मांडीवर काटा. आणि परदेशातल्या काही जातींत तो अंड्यांपाशी राखण करत बसतो, आपल्याकडच्याचं कुणाला ठाऊक नाही.

"नर? अंड्यापाशी बसते?" मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाई, बाकी सगळं मानलं. हे काई मले खरं वाटत नाई!"

*

मुदत संपायला महिना राहिला होता. मी आशा सोडली होती. आणि नवरात्रात एके दुपारी शेवंतामावशी खामगावला एसटी बदलून आमच्या विभागात हजर! कमरेच्या पिशवीतून तिने कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट काढलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

आत वाळलेला लांबटांग्या. अंग लहान, मांडीवर काटा. नर! मी तर मावशीला घट्ट मिठीच मारली.

पाकिटाला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली. सुनेच्या अक्षरात, मावशीच्या शब्दांत. सरांनी मोठ्याने वाचली: "सोनाळा, शेवंताबाईची विहीर, उगवतीची बाजू, वरून चवथा दगड. अंड्यापाशी बसला होता. खरं वाटलं नाई म्हणून रोज पाह्यलं. पंधरा दिवस हालला नाई. मुंग्या आल्या त हाकलल्या. पिल्लं निघून गेले, मंगच पकडला."

सरांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग मला म्हणाले, "चार वर्षांत तुम्ही अशी एक चिठ्ठी लिहिली नाहीत!"

नर कोमट पाण्यात मऊ करून आम्ही पाय मोजले. सात! डावा दुसरा नाही. पाकीट झटकलं, टेबलाखाली शोधलं.

"मावशी, आठवा पाय?"

"पाकिटात जेवढे हायेत तेवढे तुमचे," मावशी म्हणाली आणि चहा बशीत ओतला. वाटेत पडला असेल, असं आम्ही धरून चाललो.

*

शेवटचा किस्सा माझ्या तोंडी परीक्षेचा. खुली परीक्षा, कुणीही येऊन बसावं. मावशी आली होती, कारण आपलं नाव पुस्तकात, म्हणजे माझ्या प्रबंधात, छापलंय हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सुनेलाही वाचायला सोबत आणलेलं.

बाहेरून आलेले परीक्षक फार नावाजलेले आणि तितकेच संशयी. दोन तास सगळं सुरळीत चाललं. मग त्यांनी प्रबंधातलं नराचं चित्र उघडून समोर ठेवलं.

"तुमची जात नवी, कारण नराच्या दुसऱ्या पायाला पेरं वेगळी. बरोबर? पण तुमच्याकडे नराचा दुसरा पाय एकच आहे, उजवा. एखाद्या पायात जन्मतः पेर कमी-जास्त असू शकतं. डावा जुळल्याशिवाय मी नवी जात कशी मानू? डावा पाय कुठे आहे?"

मी म्हटलं, "सर, तो... प्रवासात हरवला."

"हरवला की जुळत नव्हता म्हणून हरवला?"

खंडारे सरांनी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सही त्यांचीच हवी होती.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. शेवंतामावशी उठली, सावकाश चालत पुढे आली आणि पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी. पुडीत एक पाय.

"हा घ्या. डावा. मोजा."

परीक्षकांनी भिंग लावलं. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. उजव्याच्या चित्राशी ताडून पाहिलं. चेहरा बदलला. "जुळतंय! तंतोतंत जुळतंय!" त्यांनी पेन उचललं, सही केली आणि खुशीत चिमटा घेऊन तो पाय बाटलीत टाकायला निघाले.

चिमटा पोचायच्या आत मावशीने पुडी मिटली.

"अहो बाई, तो आता विद्यापीठाचा नमुना आहे!"

"सात देल्ले ना तुमाले?" मावशीने पुडी पुन्हा पदराला बांधली आणि गाठ ओढून घट्ट केली. "सगळंच देल्लं त उद्या तुमीच म्हनसान, नर नव्हताच म्हनून!"