नेरूळच्या गॅलरीतला बुरांश

हे निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही दोघं कुमाऊंला फिरायला गेलो. तिथे उतारच्या उतार लाल फुलांनी भरले होते. तिकडे त्याला बुरांश म्हणतात. आपण पुस्तकात वाचलेला ऱ्होडोडेंड्रॉन. ह्यांनी एका नर्सरीतून त्याचं हातभर रोप घेतलं. घरच्या तुळशीला ह्यांनी कधी पाणी घातलेलं मला आठवत नाही.

नेरूळला गॅलरीत कुंडी ठेवली. उन्हाळा लागताच पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ह्यांनी वाचून काढलं की या झाडाला चुना सोसत नाही, माती आम्लधर्मी लागते आणि मुळं गार राहावी लागतात. आमची माती सोसायटीच्या बांधकामाशेजारून आणलेली, म्हणजे त्यात चुना-सिमेंट आलंच. ती टाकून ह्यांनी नारळाचा भुसा आणि कुजलेला पालापाचोळा भरला, कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळलं. जवळच्या दिवाळे गावातून आणलेली मासळी धुतलेलं पाणी मी एकदा घालायला गेले, तर "खारं पाणी नको" म्हणत ह्यांनी माझा हात धरला.

रोप तगलं. दुसऱ्या हिवाळ्यात शेंड्याला एक कळी आली. फेब्रुवारी सरता सरता शेजारच्या एसीची गरम हवा थेट गॅलरीत येऊ लागली, तेव्हा कुंडी आमच्या बेडरूममध्ये आली आणि आमचाही एसी दिवसरात्र चालू राहिला. मी चादरीवर चादर घेऊन झोपायचे. कळी तरी तपकिरी होत गेली आणि एका सकाळी ह्यांच्या हातात गळून पडली. ती टेबलावर ठेवून ते पेपर वाचत बसले. जेवताना म्हणाले, "आपण त्याला नुसतं जिवंत ठेवतोय. वाढवत नाही."

पाचगणीला माझी नणंद राहते. पावसाळ्याआधी आम्ही रोप तिच्याकडे नेलं आणि घरामागच्या उतारावर, सिल्व्हर ओकच्या सावलीत जमिनीत लावलं. मग हे रोज सकाळी तिला फोन करू लागले. ती वैतागायची, पण पानांची खबर द्यायची.

काही वर्षांनी फूल आलं. आम्ही बघायला गेलो. लाल गुच्छ कुमाऊंतल्यापेक्षा लहान होता. ह्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, एखादी फांदी नेरूळला लावायला नेऊ का.

"दादा, राहू दे," नणंद म्हणाली. "ते आता इथलं आहे."

ह्यांनी मान डोलावली. जेवून आम्ही निघालो. त्यानंतर रोजचा फोन थांबला. आता रविवारी करतात, आणि आधी बहिणीच्या तब्येतीची चौकशी करतात.